सतरावं चित्र

१

"सतरावं चित्र कुठाय?"

दातांच्या डॉक्टरांचा आवाज तसा मवाळ. रोग्याला "आ करा" म्हणण्यापलीकडे तो कधी चढत नसे. पण त्या सकाळी लिलावघराच्या पाहणीच्या दालनात तो असा काही तापला, की जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यांत बोटं घालून बसलेली दहा-बारा मंडळी जागच्या जागी थिजली.

डॉक्टरांपुढे पुस्तक उघडं पडलं होतं. बेचाळीस नंबरची वस्तू, दुपारच्या लिलावातली सर्वांत मोठी. पक्ष्यांच्या घरट्यांचं दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, हाताने रंगवलेली चोवीस चित्रं, आणि जगात प्रती उरल्या असतील सात, फार तर आठ.

"यादीत काय लिहिलंय? चित्रं चोवीस, सर्व जागेवर, प्रत पूर्ण!" डॉक्टर यादीवर बोट आपटत म्हणाले. "आणि इथे बघा. प्रत्येक चित्राआधी त्याला जपायला एक झिरझिरीत कागद आहे. कागद उलटला की चित्र. इथे कागद उलटला तर एकदम मजकूर! चित्र गेलं कुठे?"

मालक धावत आले. लिलावघर त्यांचं, हातोडाही त्यांचाच, आणि घाम लगेच फुटायची सवयही त्यांचीच. त्यांनी पान पुढे उलटलं, मागे उलटलं, आणि घाबरलेला माणूस करतो तसं टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"हे शेवटचं कुणाच्या हातात होतं?"

लिलावघरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पुस्तकाचा कणा उसवला होता, म्हणून ते आठवडाभर मागच्या खोलीत बांधणीवालीकडे होतं. तिला सगळे सुतळी म्हणत. अंगाने काडी, आणि दातात कायम दोरा.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या भिंगताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

भिंगताई म्हणजे लिलावाची यादी करणाऱ्या बाई. एकतीस वर्षं झाली. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, कपाळाला आठी आणि जिभेला धार. त्यांनी यादीत "पूर्ण" लिहिलं की गिऱ्हाइकं पानं मोजायची तसदी घेत नसत. चित्रांची पुस्तकं तर बाई न बघता मोजत. अंगठा कडेवरून फिरायचा, कागदांची सरसर कानावर यायची, आणि फोनवर कुणाला तरी झापता झापता त्या आकडा टिपून मोकळ्या. नव्या माणसाला मालक हे मुद्दाम दाखवत, एखादा जादूचा खेळ दाखवावा तसं.

सुतळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. म्हणून मालक तरातरा मागच्या खोलीकडे निघाले, तशा त्याही मागोमाग गेल्या. सुतळी टेबलामागे उभी होती. तिने काय झालं ते विचारलंसुद्धा नाही, आणि भिंगताईंना पहिला धक्का तिथेच बसला.

मालकांनी एकेक खण ओढायला सुरुवात केली. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखालच्या खणात दोन पांढरे पुठ्ठे होते, फितीने बांधलेले. मालकांनी फीत सोडली. आत एक इवलासा पक्षी बसला होता, दोन हिरवी पानं टाके घालून जोडत. खाली कोपऱ्यात आकडा छापलेला होता. सतरा.

"भिंगताई," मालक म्हणाले, "बघा तुमच्या लाडकीचे प्रताप."

२

मालकांच्या खोलीत सुतळी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

"मी चोरी केली नाही," ती म्हणाली.

"मग ते तुझ्या खणात चालत आलं?"

"मी चोरी केली नाही. याच्या पलीकडे मला काही विचारू नका."

"अगं, विचारू नका काय? पोलीस विचारतील तेव्हा काय सांगशील?"

सुतळीने मान खाली घातली. भिंगताईंनी तिच्या खुर्चीजवळ वाकून हलकेच विचारलं, "मला तरी सांग. मी आहे ना." तेव्हा तिने वर पाहिलं. त्या नजरेत भीती होती, पण ती पोलिसांची नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा फरशीकडे बघू लागली. बारा वर्षांत या पोरीने भिंगताईंपासून काही लपवलं नव्हतं, अगदी मोडलेलं लग्नसुद्धा पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं होतं.

"तीनला पहिला हातोडा पडणार," मालक घड्याळाकडे बघत म्हणाले. "अडीच वाजता मी पोलिसांना फोन करतो. तोवर तिने कबूल केलं तर ठीक, नाहीतर तिची ती जाणे."

"मला अडीचपर्यंत मोकळीक द्या," भिंगताई म्हणाल्या.

"कशाला? चित्र तिच्या खणात सापडलं. अजून काय उलगडायचं राहिलं?"

"मालक, तिचा धंदा तुम्हाला माहीत आहे. लोक तिच्याकडे जगातलं एकुलतं एक पुस्तक ठेवून घरी जाऊन शांत झोपतात. एकदा का चोर म्हणून बोभाटा झाला, तर तिला कुणी शाळेचा फाटका नकाशासुद्धा चिकटवायला देणार नाही. पोलीस सोडतील हो, बाजार सोडायचा नाही. तुम्ही चार तासांसाठी घाई करू नका."

मालकांनी हात झटकले. त्याला होकार समजून भिंगताई थेट मागच्या खोलीत गेल्या.

त्या खोलीतला पसारा त्यांना पाठ होता. सुया, मेण, दोऱ्याची रिळं, हाडाची चपटी पट्टी. पण आज दोन गोष्टी डोळ्यांत खुपल्या. एक तर चित्राचा खण. त्याला कुलूप होतं आणि किल्ली कुलपातच होती. चोरलेला माल कोण असा किल्लीसकट ठेवतं? आणि तोही दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर मऊ कागद घालून, बाळंतिणीच्या खोलीत तान्हं निजवावं तसा. दुसरी गोष्ट टेबलावर. वाटीत कागद चिकटवायची खळ कालवून ठेवली होती, तिच्यावर जाड साय धरलेली. शेजारी दुसरी वाटी, तीतही खळ, तीही तशीच वाळलेली. ब्रश मात्र दोन्हीकडे कोरा करकरीत.

सुतळीने दोनदा खळ कालवली होती, आणि दोन्ही वेळा ब्रश बुडवला नव्हता. खळ वाया घालवली म्हणून भिंगताईंनी तिला पूर्वी कितीदा तरी फैलावर घेतलं होतं. ती असं करणारी नव्हती.

मग कशापाशी तिचा हात अडला?

३

डॉक्टर बाहेर जिन्यात येरझाऱ्या घालत होते.

"डॉक्टर, एक विचारू? चोवीस चित्रांतलं तुम्ही नेमकं सतरावंच कसं उघडलंत?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?"

"म्हणायचं काही नाही. विचारतेय."

"ताई, मी तीस वर्षं लोकांच्या हिरड्यांना टाके घालतोय," डॉक्टर म्हणाले. "हा एवढासा शिंपी पक्षी चोचीने पानांना टाके घालतो, आणि ते उसवत नाहीत. त्याचं चित्र बघायला अकरा वर्षं थांबलोय मी. पुस्तकात पुढे चित्रांची छापील सूची आहे. तीत सतरावा शिंपी. दुसरं कुठलं पान उघडणार मी?"

"याआधी पाहिलं होतंत पुस्तक?"

"कुठलं! मंगळवारी आलो होतो. तुमच्या त्या बांधणीवालीने दार जेमतेम उघडलं आणि म्हणाली, अजून दोन दिवस लागतील, शुक्रवारी या. दार माझ्या तोंडावर लावलं हो! तेव्हाच मला संशय आला होता."

शुक्रवारी. भिंगताईंनी ते मनात टिपलं. पाहणी आणि लिलाव दोन्ही आधी शुक्रवारी ठरले होते. मालकांनी ते एक दिवस अलीकडे ओढले आणि सुतळीला बुधवारी संध्याकाळी कळवलं.

पुस्तक विकायला आणणारा भाचा खाली दाराशी फोनवर बोलत होता. पुस्तक त्याच्या मामांचं. मामा घड्याळं दुरुस्त करायचे आणि मिळेल तो पैसा पक्ष्यांच्या पुस्तकांत घालायचे. भाच्याला पक्ष्यांतलं कावळा सोडून काही कळत नव्हतं.

"मला एवढंच सांगा, चित्र सापडलं ना?" तो म्हणाला. "नसतं सापडलं तर भरपाई तुमच्याकडून घेतली असती. करारात आहे तसं."

"करार वाचलेला दिसतोय नीट."

"ओ बाई, सरळ बोला."

"काल, बुधवारी, मागच्या खोलीत आला होतात तुम्ही, मी पाहिलं. सुतळी पाणी आणायला गेली तेव्हा खोलीत एकटे होतात."

भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "पाच मिनिटं होतो. पावतीवर सही राहिली होती. आणि मी त्या पुस्तकाला हात लावला नाही, शप्पथ. लहानपणी एकदा लावला होता, तर मामांनी कान असा पिळला होता की अजून आठवतो. नंतर त्यांचे डोळे गेले. वीस-पंचवीस वर्षं ते पुस्तक कुणी उघडलंच नाही. कपाटात दाबून पडलेलं होतं."

दोघांकडेही कारण होतं. चित्र गेलं तर पुस्तक स्वस्तात डॉक्टरांच्या पदरात पडलं असतं. चित्र गेलं तर भरपाई भाच्याच्या खिशात गेली असती. पण त्यांपैकी कुणी चोरलं असतं, तर ते सुतळीच्या खणात इतक्या मायेने कशाला ठेवलं असतं? आणि सुतळी त्यांच्यासाठी तोंडाला कुलूप का लावून बसली असती?

भिंगताई मालकांकडे परत आल्या. एक वाजून गेला होता.

"पुस्तक आणि चित्र, दोन्ही माझ्या टेबलावर द्या. आणि दार लावून घ्या."

४

भिंग डोळ्याला लागलं की भिंगताईंना एरवी बरं वाटायचं. आज तसं वाटलं नाही.

त्यांनी आधी पुस्तक घेतलं. सोळाव्या चित्राच्या आसपास कसरीने भोक पाडलं होतं, मोहरीएवढं. जुनं भोक, कडा काळवंडलेल्या. कसर सभ्यपणे पानं निवडून खात नाही. ती आरपार जाते. भोक सोळाव्या चित्रात होतं, पुढच्या मजकुरात होतं, सतराव्या झिरझिरीत कागदात होतं, त्याच्या पुढच्या मजकुराच्या पानात होतं, आणि अठराव्या चित्रापाशी जाऊन संपलं होतं. सगळीकडे एकाच जागी.

मग त्यांनी चित्र उचललं. भिंग त्या जागी नेलं. वर, खाली, आजूबाजूला. चित्र उजेडासमोर धरलं.

भोक नव्हतं.

भिंगताई ताठ बसल्या. अलीकडच्या कागदाला भोक, पलीकडच्या पानाला भोक, आणि मधलं चित्र धडधाकट! म्हणजे एक तर हे चित्र या पुस्तकातलं नव्हे, नाहीतर कसर लागायच्या कितीतरी आधीच ते बाहेर पडलेलं. दोन्हीकडून सुतळी सुटत होती. या आठवड्यात या पुस्तकातून हे चित्र कुणीही काढलेलं नव्हतं.

"सुटली गं बाई माझी," त्या मोठ्याने म्हणाल्या. डोळे भरून आले म्हणून भिंग पदराने पुसलं आणि सवयीने चित्रावरून पुन्हा एकदा फिरवलं.

चित्राच्या चारही कडांना बोटभर रुंदीची पट्टी होती, आतल्या कागदापेक्षा गडद. आतल्या कागदाचा रंग उडालेला, फिकट. अशी रेघ एकाच कारणाने पडते. चित्र वर्षानुवर्षं चौकटीत होतं. कडा पुठ्ठ्याखाली झाकलेल्या आणि मधल्या भागावर रोज उजेड. छापील आकडाही त्या झाकलेल्या पट्टीतच होता. चौकटीत असताना तो कुणाला दिसला नसता.

हे चित्र कुठल्यातरी भिंतीवर टांगलेलं होतं. पानं शिवणारा पक्षी.

सकाळी खणातून चित्र निघालं तेव्हा ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं होतं, कुठे ते आत्ता आठवलं. भिंगताईंनी पर्स उचलली आणि जिना उतरून रस्त्याला लागल्या. सुतळीचं घर दहा मिनिटांवर होतं. त्या सात मिनिटांत पोचल्या.

५

दार सुतळीच्या आईने उघडलं.

"अगंबाई, तुम्ही! या ना. आणि ही कुठे आहे? डबा विसरून गेली आज. दोन दिवस नीट जेवत नाही हो. रात्री उठून बसते. म्हटलं, काय झालंय, तर म्हणते काही नाही. तुम्हीच जरा दटावा, माझं कुठे ऐकते?"

भिंगताईंची नजर पलंगाच्या वरच्या भिंतीवर गेली होती. तिथे एक खिळा होता. खिळ्याखाली चौकोनी डाग, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा स्वच्छ.

"इथलं चित्र?"

"ते होय! सोमवारी घेऊन गेली. म्हणे काच तडकलीय, बदलून आणते. मला तर कुठे तडा दिसला नाही." आई पदर खोचून हसल्या. "तुम्हीच दिलेलं ना ते? तिचं शिकून संपलं त्या दिवशी. किती मिरवलं होतं तिने! म्हणाली, आई, ताई म्हणतात हा पक्षी माझ्याच जातीचा, टाके घालून जगणारा."

भिंगताई पलंगाच्या कडेवर टेकल्या. जुन्या बाजारात, कुठल्यातरी फुटक्या पुस्तकातलं म्हणून घेतलेलं चित्र. चौकटीसकट. किती वेळा याच पलंगावर बसून त्यांनी ते पाहिलं होतं.

"पाणी देऊ का? चेहरा असा काय झालाय तुमचा?"

"नको," भिंगताई उठल्या. "मला परत जायला हवं."

रस्त्यात त्यांना कुणी नमस्कार केला, त्यांनी तो घेतला की नाही हेही त्यांना कळलं नाही. डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. त्यांच्या लाडक्या पोरीच्या भिंतीवरचं चित्र त्या पुस्तकात सतराव्या जागी असायला हवं होतं. पुस्तक चार दिवस त्यांच्या टेबलावर होतं. मग यादी करताना, "अरेच्चा, हे तर आपण सुतळीला दिलेलं!" असं त्यांना का वाटलं नाही?

टेबलाशी येऊन त्यांनी सतरावा झिरझिरीत कागद हळूच उचलला आणि उलटून भिंगाखाली धरला. बाकीच्या तेवीस कागदांच्या पाठीवर समोरच्या चित्राची पुसट तपकिरी सावली पडली होती. वर्षानुवर्षं दाबून राहिलं की पडते. सतराव्या कागदावर पक्ष्याची सावली नव्हती. अक्षरांची होती. ओळीच्या ओळी, उलट्या, पुढच्या मजकुराच्या पानावरून उतरलेल्या.

मध्ये चित्र असतं तर ती अक्षरं कागदापर्यंत पोचलीच नसती. मामांच्या कपाटात पुस्तक दाबून पडलं होतं, तेव्हापासूनच चित्र नव्हतं. कदाचित त्याच्याही आधी.

पुस्तक अपुरंच आलं होतं. आणि "पूर्ण" कुणी लिहिलं होतं, हे शोधायला भिंग लागत नव्हतं. त्यांनी चित्रं मोजलीच नव्हती. अंगठ्याखालून सरसरत गेले ते झिरझिरीत कागद. ते बरोबर चोवीस होते.

६

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मालकांच्या खोलीत सुतळी अजून तशीच बसली होती. भिंगताईंनी दार आतून लावलं.

"कधी कळलं तुला?"

सुतळी दचकली.

"सोमवारी," ती म्हणाली. "कणा शिवायला पुस्तक सोडलं, तेव्हा."

"मला सांगायचं नाहीस?"

"तीनदा जिना चढून आले, ताई. तिन्ही वेळा तुमच्या टेबलावर छापील यादीचा गठ्ठा होता. सगळ्यांना पाठवून झाली होती. तुम्ही मला म्हणालात, बघ, एकतीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही. मग कसं सांगू मी?"

"म्हणून भिंतीवरचं चित्र काढून पुस्तकात लावायला निघालीस? दुसऱ्या प्रतीचं चित्र घालून पुस्तक पूर्ण म्हणून विकायचं? हेच शिकवलं होय मी तुला?"

"नाही," सुतळीचा आवाज फुटला. "तुम्ही शिकवलेलं मोडून तुम्हालाच वाचवत होते. पण ते जमेना. दोनदा खळ कालवली, हातच पुढे जाईना. म्हटलं, शुक्रवारपर्यंत काहीतरी सुचेल. तर मालक काल म्हणाले, लिलाव उद्याच, आणि सकाळी उचलून नेलं पुस्तक."

"आणि चोर म्हणवून घेतलंस स्वतःला. मूग गिळून बसलीस."

"मला चोर म्हणाले तर मी शिकेन दुसरं काहीतरी. तुम्हाला या वयात कुणी खोटं म्हटलेलं मला बघवलं नसतं."

भिंगताईंनी तिला जवळ ओढलं. शिव्या घालायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या.

दारावर थाप पडली. मालक आत आले. भिंगताईंनी सगळं सांगितलं, भोकापासून अक्षरांच्या सावलीपर्यंत. मालक आधी पांढरे पडले, मग हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे चोरी झालीच नाही! मग काय हरकत आहे? सुतळी, अर्ध्या तासात ते चित्र लावून टाक. मी बाहेर सांगतो, पान सुटं झालं होतं, सापडलं. डॉक्टर खूश, भाचा खूश, यादी खरी. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि सकाळपासून दालनात जी कुजबुज चाललीय? तिच्या खणात सापडलं हे दहा-बारा जणांनी ऐकलंय."

"लोक विसरतात हो."

"या बाजारात? पोस्टकार्डावरची वाकडी तारीख चाळीस वर्षं लक्षात ठेवणारी माणसं ही. विसरतील?"

मालक जवळ आले. "भिंगताई, तुमचा शब्द म्हणजे या घराची इभ्रत आहे. तो गेला तर पुन्हा येणार नाही. नीट विचार करा."

भिंगताईंनी गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. बाहेर दालनात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले होते.

७

तीन वाजता दालन गच्च भरलं. एक्केचाळीस वस्तू भराभर गेल्या. बेचाळीसचा पुकारा होताच मालकांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "या वस्तूबद्दल यादीवाल्या बाईंना काही सांगायचंय." असं म्हणून ते बाजूला झाले, जणू काही भिंतच पडणार होती.

भिंगताई कट्ट्यावर चढल्या. एकतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच तिथे उभ्या राहत होत्या.

"यादीत या पुस्तकाची चित्रं चोवीस लिहिली आहेत. ती तेवीस आहेत," त्या म्हणाल्या. "सतरावं चित्र हे पुस्तक इथे येण्याच्या कितीतरी वर्षं आधीच गेलेलं आहे. पुरावा टेबलावर ठेवलाय, ज्याला बघायचा त्याने बघावा. मी चित्रं न बघता नुसते मधले कागद मोजले आणि पूर्ण लिहिलं. चूक माझी, एकटीची. सकाळी जे चित्र सापडलं ते आमच्या बांधणीवालीचं स्वतःचं आहे, तिच्या घरच्या भिंतीवरचं. तिने कुणाचं काही घेतलेलं नाही. तिला ज्यांनी चोर म्हटलं, त्यांत मी नव्हते, पण तिला तिथवर आणलं मीच. तिची मी सगळ्यांसमोर माफी मागते."

भाचा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. डॉक्टर उभे राहिले.

"ते शिंप्याचं चित्र विकणार का?"

"नाही," भिंगताई म्हणाल्या. "ते आज संध्याकाळी परत त्याच खिळ्यावर जाईल."

डॉक्टरांनी मान हलवली आणि बसले. मग बोली सुरू झाली. पुस्तक जेवढ्याला जायला हवं होतं त्याच्या निम्म्याने गेलं, आणि गेलं ते डॉक्टरांकडेच. हातोडा पडताच ते पुन्हा उठले. "कणा अर्धाच शिवून झालाय," ते मागच्या रांगेकडे बघत मोठ्याने म्हणाले. "बाकीचा हिच्याकडूनच करून हवाय मला. पुस्तक तिच्याकडेच राहू द्या. घाई नाही."

मागच्या रांगेत दाराशी उभ्या असलेल्या सुतळीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

भिंगताई खाली उतरून आपल्या खुर्चीवर बसल्या. मालकांनी पुढचा नंबर पुकारला. "त्रेचाळीस. दीपस्तंभांच्या जुन्या पोस्टकार्डांचा अल्बम. कार्डं साठ, संच पूर्ण."

"हे तरी मोजलंय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

दालन खदखदून हसलं. भिंगताईंच्या कानशिलांना आग लागली. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि यापुढे प्रत्येक वस्तूला हे असंच होणार हे त्यांना दिसत होतं. मालक हातोडा धरून नुसतेच उभे राहिले.

तेवढ्यात मागची रांग हलली. सुतळी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, टेबलाशी गेली, अल्बम उघडला आणि पहिल्या कार्डावर बोट ठेवलं.

"एक," ती मोठ्याने म्हणाली. "दोन. तीन."

हसणं थांबलं. ती एकेक कार्ड बघत होती, पान उलटत होती, आणि आकडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा म्हणत होती. सतराला तिने क्षणभर वर पाहिलं, भिंगताईंकडे, आणि पुढे गेली. मालकांनी हातोडा खाली ठेवला आणि वाट पाहिली.

"साठ," सुतळी म्हणाली. "पूर्ण."

भिंगताईंनी यादी पुढ्यात ओढली. डोळ्यांपुढची अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी त्यांनी त्रेचाळीसच्या पुढे खूण केली आणि खुणेशेजारी लिहिलं, "मोजणारी: सुतळी." मग त्यांनी चव्वेचाळीस नंबरचा गठ्ठा उचलून तिच्याकडे सरकवला.